हातपंपातील अंतर्गत गळती आणि कार्यक्षमता : शहापूर व मुरबाड तालुक्यांच्या संदर्भात एक विवेचन

गोषवारा

ग्रामीण भागातील विंधण विहिरीवर बसवलेला हातपंप आणि तेलविहिरीवरील सळईचलित पंप ही दोन्ही यंत्रे एकाच तत्त्वावर चालतात. दोहोंमध्ये दट्ट्याने उचललेल्या द्रवाचा काही भाग वर न येता पुन्हा खाली निसटतो. या निसटण्याला अभियांत्रिकीच्या परिभाषेत स्लिप असे म्हणतात. प्रस्तुत लेखात ही गळती का होते, ती कशी मोजावी, पाण्याची पातळी व हापसण्याचा वेग यांच्याशी तिचा संबंध काय आणि शहापूर व मुरबाड या तालुक्यांतील पाणी भरणाऱ्या स्त्रियांच्या श्रमावर तिचा कोणता परिणाम होतो, याचे विवेचन केले आहे.

बीजशब्द : हातपंप, विंधण विहीर, दट्ट्या, तळझडप, स्लिप, आकारमानीय कार्यक्षमता.

१. प्रस्तावना

ठाणे जिल्ह्यातील शहापूर आणि मुरबाड हे सह्याद्रीच्या पायथ्याचे तालुके. एका बाजूस कसारा घाट आणि दुसऱ्या बाजूस माळशेज घाट व नाणेघाट यांच्या कुशीत वसलेल्या या प्रदेशात पावसाळ्यात मुसळधार पाऊस पडतो. मुंबईची तहान भागवणारा तानसा तलाव १८९२ मध्ये याच शहापूर तालुक्यात पूर्ण झाला. मुंबईला मिळणाऱ्या पाण्यात ज्या धरणाचा वाटा सर्वांत मोठा आहे ते भातसा धरणही याच तालुक्यातील. असे असूनही डोळखांब, कसारा, टोकावडे या परिसरांतील अनेक पाड्यांवर होळी उलटली की पाण्याची टंचाई सुरू होते व टँकरची वाट पाहावी लागते.

या विसंगतीचे एक कारण भूरचनेत आहे. हा प्रदेश दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसाल्टचा आहे. अखंड बेसाल्टमध्ये पाणी साठत नाही. ते केवळ झिजलेल्या थरांत, सच्छिद्र पट्ट्यांत आणि भेगांत साठते. उतार तीव्र असल्याने पावसाचे बहुतेक पाणी ओढ्या-नाल्यांवाटे भातसा, काळू, शाई या नद्यांना मिळून निघून जाते. जे थोडे मुरते त्याची पातळी पावसाळ्यात जमिनीलगत असते आणि उन्हाळ्यात खोल जाते. अशा भेगांतील पाण्यापर्यंत पोहोचण्याचा सर्वांत स्वस्त मार्ग म्हणजे विंधण विहीर आणि तिच्यावरचा हातपंप, ज्याला लोकभाषेत हापसा म्हणतात.

१५ ऑगस्ट २०१९ रोजी घोषित झालेल्या जल जीवन मिशनने प्रत्येक घरी नळाचे उद्दिष्ट ठेवले. तथापि नळयोजनेचा उद्भव आटला, वीज गेली किंवा जलवाहिनी फुटली की ठाकूर, कातकरी, वारली आणि महादेव कोळी वस्त्यांवरील स्त्रिया पुन्हा हापशाकडेच वळतात. म्हणून हापशाची कार्यक्षमता हा विषय कालबाह्य झालेला नाही.

शासकीय नोंदीत हातपंपाच्या दोनच अवस्था सामान्यतः आढळतात : चालू आणि बंद. प्रत्यक्षात या दोहोंच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते. पंप पाणी देतो, परंतु जितके द्यावयास हवे त्याच्या निम्मेच देतो. असा पंप नोंदवहीत चालूच राहतो; त्याची उणीव मात्र पाणी भरणारीच्या खांद्यांना आणि कमरेला भरून काढावी लागते. या तिसऱ्या अवस्थेचे स्वरूप समजून घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. हातपंपाच्या विकासात महाराष्ट्राचा वाटा

१९६० च्या दशकाच्या उत्तरार्धातील दुष्काळानंतर कठीण खडकात विंधण विहिरी घेणारी यंत्रे युनिसेफच्या साहाय्याने भारतात आली. विहिरी झपाट्याने झाल्या. पण त्यांवर बसवलेले बिडाचे पंप मुळात एका कुटुंबाच्या वापरासाठी घडवलेले होते. दिवसभर शेकडो माणसांनी वापरल्यावर ते टिकेनात. १९७० च्या दशकाच्या मध्यास झालेल्या पाहणीत सुमारे तीन-चतुर्थांश पंप बंद आढळले होते.

या प्रश्नावरील उत्तराचा आरंभ महाराष्ट्रातच झाला. जालना येथील मिशनच्या पाणीपुरवठा प्रकल्पाने बिडाऐवजी पोलादी पंप घडवला. त्याच दिशेने सोलापूर येथील सोलापूर वेल सर्व्हिस या संस्थेने आपला पंप विकसित केला. हा सोलापूर पंप युनिसेफला आधारभूत वाटला व त्यावरून पुढे भारत सरकार, युनिसेफ आणि रिचर्डसन अँड क्रुडास ही कंपनी यांच्या सहकार्याने ‘इंडिया मार्क २’ हा पंप सिद्ध झाला. त्याच्या चाचण्या तमिळनाडूतील कोइमतूर परिसरात घेण्यात आल्या आणि १९७९ मध्ये त्यासाठी आय.एस. ९३०१ हे भारतीय मानक प्रसिद्ध झाले. एकाच आसावर फिरणारा लांब दांडा, बंदिस्त बॉलबेअरिंग आणि सळईला सरळ रेषेत ओढणारी साखळी ही त्याची वैशिष्ट्ये होत. हाच पंप पुढे आशिया व आफ्रिकेतील अनेक देशांत पोहोचला.

मार्क २ मध्ये एक अडचण राहिली. दट्ट्याचे वॉशर बदलावयाचे झाल्यास सर्व उभे नळ वर ओढावे लागतात. त्यासाठी पथक, अवजारे व वाहन लागते. १९८३ पासून कोइमतूर येथे झालेल्या दुसऱ्या चाचणीमालेतून ‘मार्क ३’ पुढे आला. त्यात ६५ मि.मी. व्यासाचा उभा नळ असल्याने दट्ट्या व तळझडप सळईसोबतच वर काढता येतात, नळ हलवावे लागत नाहीत. चामड्याच्या वॉशरऐवजी नायट्राइल रबराचे वॉशर अधिक टिकतात, हेही याच चाचण्यांतून दिसून आले.

३. पंपाची रचना व कार्य

हापशाचा जमिनीवर दिसणारा भाग हा केवळ दांडा व तोटी यांचा असतो. खरा पंप जमिनीखाली, पाण्यात बुडालेल्या सिलिंडरमध्ये असतो. मार्क २ च्या प्रमाणित सिलिंडरचा आतील व्यास ६३.५ मि.मी. व स्ट्रोकची लांबी १२५ मि.मी. असते. सिलिंडरच्या तळाशी एक झडप असते, तिला तळझडप म्हणता येईल. दट्ट्यात दुसरी झडप असते आणि दट्ट्याभोवती वाटीच्या आकाराचे वॉशर असतात.

दांडा खाली दाबला की दट्ट्या वर जातो. त्याची झडप मिटते, वरचे पाणी उचलले जाते व खाली निर्माण झालेल्या पोकळीमुळे तळझडप उघडून नवे पाणी आत येते. दांडा वर नेला की दट्ट्या खाली येतो. तळझडप मिटते, दट्ट्याची झडप उघडते आणि आत आलेले पाणी दट्ट्याच्या वर सरकते. पुढील स्ट्रोकला तेच पाणी वर चढते.

तेलविहिरीवरील सळईचलित पंपाचे कार्य याहून वेगळे नाही. गुजरातमधील मेहसाणा परिसरात शेतातून वरखाली डोलणारी जी लोखंडी तुळई दिसते, ती म्हणजे विजेवर चालणारा हापसाच होय. तिच्या खाली शेकडो मीटर लांबीची सळई, तिच्या टोकास दट्ट्या आणि तशाच दोन झडपा असतात. मुंबई हायसारख्या समुद्रातील क्षेत्रात मात्र डोलणाऱ्या तुळईऐवजी वायूच्या साहाय्याने तेल उचलण्याची पद्धत रूढ आहे. तेलविहिरीतील पंपाची गळती हा अभियंत्यांच्या सखोल अभ्यासाचा विषय राहिला आहे, कारण तेथे निसटलेल्या प्रत्येक पिंपाची किंमत मोजली जाते. तेथील ज्ञान हापशालाही लागू पडते.

४. सैद्धांतिक विसर्ग व आकारमानीय कार्यक्षमता

सिलिंडरच्या छेदाचे क्षेत्रफळ ३१.६७ चौ.सें.मी. आणि स्ट्रोक १२.५ सें.मी. धरल्यास एका पूर्ण स्ट्रोकला सुमारे ३९६ घ.सें.मी., म्हणजे ०.३९६ लीटर पाणी उचलले गेले पाहिजे. मिनिटाला ४० स्ट्रोक या गतीने हा सैद्धांतिक विसर्ग १५.८ लीटर येतो. प्रत्यक्ष विसर्गाला सैद्धांतिक विसर्गाने भागून शंभराने गुणले असता जी टक्केवारी मिळते ती आकारमानीय कार्यक्षमता होय. ही टक्केवारी शंभरातून वजा केल्यावर उरते ती तूट. स्लिप हा या तुटीचा प्रमुख भाग असला तरी एकमेव भाग नाही, हे पुढे स्पष्ट होईल.

या आकड्यांचा घरच्या हिशेबातील अर्थ असा. १५ लीटरचा हंडा भरण्यास शंभर टक्के कार्यक्षमतेच्या पंपावर ३८ स्ट्रोक लागतात. कार्यक्षमता ७० टक्क्यांवर आली तर ५४ आणि ५० टक्क्यांवर आली तर ७६ स्ट्रोक लागतात. पाच माणसांच्या कुटुंबास माणशी ४० लीटर या जुन्या ग्रामीण निकषाप्रमाणे रोज २०० लीटर पाणी लागते, असे धरल्यास चांगल्या पंपावर सुमारे ५०५ आणि निम्म्या कार्यक्षमतेच्या पंपावर सुमारे १,०१० वेळा दांडा मारावा लागतो.

एका स्ट्रोकला लागणारे बलही कमी नसते. पाण्याची पातळी ३० मीटर खोल असेल तर दट्ट्यावरील पाण्याचा भार सुमारे ९५ किलोग्रॅम आणि १२ मि.मी. जाडीच्या सळईचे वजन सुमारे २७ किलोग्रॅम होते. दांड्याची तरफ आठास एक या प्रमाणात असल्याने हाताशी सुमारे १५ किलोग्रॅमचे बल लावावे लागते. त्यातील काही भाग दांड्याच्या स्वतःच्या वजनाने तोलला जातो. पाणी निसटले तरी भार उचलावाच लागतो. म्हणजे निसटलेल्या पाण्यासाठीही श्रम तेवढेच पडतात.

जुन्या निकषानुसार २५० लोकसंख्येस एक हातपंप अपेक्षित होता. २५० माणसांना माणशी ४० लीटर म्हणजे रोज १०,००० लीटर. शंभर टक्के कार्यक्षमतेने व अखंड चालवून हे पाणी काढण्यास साडेदहा तास लागतात. ७० टक्के कार्यक्षमतेला १५ तास आणि ५० टक्क्यांना २१ तास लागतात. हापशावर रात्री-अपरात्री हंड्यांच्या रांगा का लागतात, याचे एक उत्तर या गणितात आहे.

५. गळतीची स्थाने व कारणे

५.१ दट्ट्याचे वॉशर : दट्ट्या वर जाताना वरच्या पाण्याचा दाब वाटीच्या कडेला बाहेर ढकलतो व ती कड सिलिंडरला घट्ट चिकटते. पाण्यासोबत येणारी वाळू, खडकाची भुकटी व सततचे घर्षण यांमुळे कड झिजते आणि पाणी त्या फटीतून खाली उतरते. ही गळती दट्ट्या वर जात असतानाच होते.

५.२ दट्ट्याची झडप : झडपेखाली खडा अडकला किंवा बैठक झिजली तर वरच्या स्ट्रोकमध्ये पाणी झडपेतून खाली येते. झडप मिटण्यास उशीर झाला तरी प्रत्येक स्ट्रोकला थोडे पाणी निसटते.

५.३ तळझडप : ही गळकी असल्यास दट्ट्या खाली येताना आतील पाणी दट्ट्याच्या वर सरकण्याऐवजी पुन्हा विहिरीत ढकलले जाते.

५.४ उभे नळ : तीन-तीन मीटरचे नळ एकमेकांत आट्यांनी जोडलेले असतात. जोड ढिला झाला किंवा गंजाने नळाला भोक पडले तर वर चढलेले पाणी बाहेर पडते. पाणी आम्लधर्मी असेल तेथे जस्ताचा मुलामा लवकर झिजतो.

५.५ सळईचा ताण : भाराने सळई लांबते व तेवढा स्ट्रोक वाया जातो. ३० मीटरला हा ताण केवळ १.२ मि.मी., म्हणजे स्ट्रोकच्या एक टक्का असतो. मात्र खोली दुप्पट झाली की भार व लांबी दोन्ही दुप्पट होऊन ताण चौपट होतो. म्हणूनच हापशात नगण्य असणारी ही बाब तेलविहिरीत महत्त्वाची ठरते.

५.६ अपुरे भरण : विहिरीला येणारा झरा मिनिटाला १० लीटरचा असेल आणि पंप १५ लीटर ओढत असेल तर काही वेळाने पातळी सिलिंडरपर्यंत उतरते व दट्ट्याखाली पाण्यासोबत हवा येते. विसर्ग घटतो, पण ही स्लिप नव्हे. येथे वॉशर बदलून काहीही साध्य होत नाही. दोष पंपाचा नसून उद्भवाचा असतो.

६. गळतीचे नियम

तेलविहिरीच्या पंपात रबरी वॉशर नसून धातूच्या नळीत धातूचाच दट्ट्या फिरतो. दोहोंमध्ये मुद्दाम अत्यंत बारीक फट ठेवलेली असते. या फटीतून होणारी गळती दट्ट्याचा व्यास आणि दाबातील फरक यांच्या सम प्रमाणात, तर दट्ट्याची लांबी आणि द्रवाची विष्यंदिता यांच्या व्यस्त प्रमाणात असते. फटीच्या रुंदीचा परिणाम याहून तीव्र असतो. जुन्या सूत्रांत गळती फटीच्या घनाच्या प्रमाणात मानली जाई. म्हणजे फट दुप्पट झाली की गळती आठपट. पुढे अमेरिकेत टेक्सासमध्ये झालेल्या प्रयोगांतून हा घातांक तीनऐवजी दीडच्या आसपास असल्याचे दिसले. त्यानुसार दुप्पट फटीस गळती सुमारे तिप्पट होते. नव्या सूत्रांत स्ट्रोकच्या गतीचाही विचार केला जातो.

येथे दोन गोष्टी लक्षात घेण्याजोग्या आहेत. पहिली, गळती शून्य करणे हे ध्येय नसते. फटीतून उतरणारा थोडासा द्रव दट्ट्याला वंगण पुरवतो. तो पूर्ण थांबवल्यास दट्ट्या घासून झिजतो. हापशातही अतिशय घट्ट वॉशर बसवल्यास पाणी निसटत नाही, पण दांडा जड होतो. दुसरी, दाट तेल फटीतून सावकाश निसटते, पाणी मात्र सहज निसटते. म्हणूनच पाण्याच्या हापशात धातूच्या फटीवर भिस्त न ठेवता लवचिक वाटी वापरावी लागते आणि ती वाटी झिजताच पंपाची कार्यक्षमता वेगाने ढासळते.

७. हापसण्याची गती आणि पाण्याची पातळी

गळतीचा एक गुणधर्म सामान्यतः ध्यानात येत नाही. गळती ही स्ट्रोकच्या संख्येवर नव्हे, तर मुख्यतः वेळेवर अवलंबून असते. दट्ट्यावर दाब आहे तोवर पाणी निसटतच राहते. दांडा जोरात मारला काय की सावकाश मारला काय, मिनिटाला निसटणारे पाणी साधारण तेवढेच राहते.

समजा, पातळी ३० मीटर असताना एका पंपात सरासरी मिनिटाला २ लीटर पाणी निसटते. ४० स्ट्रोकच्या गतीला १५.८ पैकी १३.८ लीटर हाती येतात, म्हणजे कार्यक्षमता ८७ टक्के. २० स्ट्रोकच्या गतीला ७.९ पैकी ५.९ लीटर येतात, म्हणजे ७५ टक्के. १० स्ट्रोकच्या गतीला ती ४९ टक्क्यांवर येते. तरणाताठा माणूस दांडा मारून पाहतो तेव्हा पंप ठीक वाटतो. त्याच पंपावर दहा वर्षांची मुलगी किंवा सत्तर वर्षांची आजी सावकाश हापसते तेव्हा तिच्या प्रत्येक स्ट्रोकला कमी पाणी येते. दांडा पूर्ण खाली न जाता अर्ध्यावरच राहिला तरी परिणाम हाच होतो. म्हणजे झिजलेला पंप अशक्त माणसाकडून अधिक किंमत वसूल करतो.

दुसरा घटक पातळीचा. दट्ट्यावरील भार हा सिलिंडर किती खोल आहे यावर नव्हे, तर विहिरीतील पाण्याच्या पातळीपासून तोटीपर्यंतच्या उंचीवर ठरतो, कारण पातळीच्या खालचे पाणी बाहेरूनही तेवढाच दाब देत असते. पावसाळ्यात ही उंची ५ मीटर असेल आणि मे महिन्यात ३० मीटर असेल तर दाब सहापट होतो. फट अत्यंत बारीक असेल तर गळतीही सहापट होते. फट मोठी असेल तर दाबाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे अडीचपट होते.

याचा परिणाम एका उदाहरणाने स्पष्ट होईल. वॉशर बरेच झिजलेल्या पंपात ३० मीटर पातळीला मिनिटाला ६ लीटर पाणी निसटते असे मानू. पावसाळ्यात ५ मीटर पातळीला हीच गळती १ ते २.५ लीटर असेल. ४० स्ट्रोकच्या गतीला त्या वेळी कार्यक्षमता ८४ ते ९४ टक्के दिसेल आणि कोणीही तक्रार करणार नाही. मे महिन्यात तोच पंप ४० स्ट्रोकला ६२ टक्के, २० स्ट्रोकला केवळ २४ टक्के पाणी देईल आणि मिनिटाला १५ स्ट्रोकच मारू शकणाऱ्यास थेंबही मिळणार नाही, कारण जेवढे उचलले जाते तेवढे सर्व निसटते. हे गणित सरलीकृत आहे. प्रत्यक्षात वाटीची कड दाबानुसार थोडी बदलते. तथापि त्यातून निघणारी दिशा निश्चित आहे : श्रावणात निर्दोष भासणारा हापसा वैशाखात दगा देऊ शकतो, आणि हा दगा पाणी आटल्याचा नसून वॉशर झिजल्याचा असू शकतो.

८. गळतीचे निदान

पंप न उघडता गळतीचे स्थान बऱ्याच अंशी ओळखता येते. त्यासाठी एक मोजमापाची बादली, घड्याळ आणि अर्धा तास पुरेसा आहे.

प्रथम विसर्ग चाचणी. तोटीतून अखंड धार आल्यावर एका मिनिटात ४० पूर्ण स्ट्रोक मारून पाणी मोजावे. १५.८ लीटरशी त्याची तुलना केली की कार्यक्षमता मिळते. हीच चाचणी २० स्ट्रोकच्या गतीने पुन्हा करावी. दुसऱ्या वेळी टक्केवारी लक्षणीय घटली तर वेळेवर अवलंबून असलेली गळती आहे असे समजावे.

नंतर स्तंभ चाचणी. पंप अर्धा तास न वापरता ठेवावा आणि पुन्हा हापसताना कितव्या स्ट्रोकला पाणी येते ते मोजावे. मार्क २ च्या ३२ मि.मी. नळात सळईची जागा वगळता एका मीटरला सुमारे ०.९ लीटर पाणी मावते. म्हणून एका पूर्ण स्ट्रोकने पाणी सुमारे ४४ सें.मी. चढते. पाच स्ट्रोकनंतर पाणी आले तर स्तंभ अर्ध्या तासात सुमारे दोन मीटर उतरला, असा अर्थ होतो. स्तंभ ३० मीटर उतरला असेल तर सुमारे ६८ स्ट्रोक केवळ नळ भरण्यातच जातात.

या दोन चाचण्यांवरून पुढीलप्रमाणे अनुमान काढता येते.

(अ) विसर्ग कमी, पण विश्रांतीनंतर पाणी लगेच येते : दट्ट्याकडील किंवा तळाकडील एकच अडथळा गळका आहे, दुसरा शाबूत असल्याने स्तंभ टिकून राहतो. बहुधा वॉशर झिजलेले असतात.

(आ) विसर्ग कमी आणि विश्रांतीनंतर पाणी येण्यास बराच वेळ : दट्ट्या व तळझडप दोन्ही गळके आहेत, किंवा नळात मोठी गळती आहे.

(इ) विसर्ग जवळपास पूर्ण, पण विश्रांतीनंतर पाणी उशिरा : नळाच्या जोडात बारीक गळती असण्याची शक्यता अधिक. कितीही वेळ थांबले तरी दर वेळी साधारण १४ स्ट्रोकच लागत असतील तर स्तंभ सुमारे ६ मीटरवर येऊन थांबतो. म्हणजे वरून दुसऱ्या जोडाजवळ पाहावे.

(ई) पहिले काही हंडे भरभर, नंतर धार तुटक व हवेसह, आणि विश्रांतीनंतर पुन्हा पूर्ववत : उद्भवाची क्षमता अपुरी. येथे यंत्राची दुरुस्ती नव्हे, तर पाणी जिरवण्याची कामे किंवा पर्यायी उद्भव हवा.

तेलक्षेत्रात हेच निदान सळईवरील भार मोजणाऱ्या उपकरणाच्या आलेखावरून केले जाते. हापशावर ते काम पाणी भरणाऱ्या स्त्रीचा हातच करीत असतो. ‘हापसा हलका झालाय, पाणी चढत नाही’ ही तिची तक्रार वस्तुतः अचूक तांत्रिक निरीक्षण असते : भार धरला जात नाही म्हणून दांडा हलका लागतो. ‘हापसा जड झालाय’ याचा अर्थ मात्र वेगळा. तेव्हा पातळी खोल गेली असेल, वॉशर अडकत असेल किंवा बेअरिंग बिघडले असेल. तक्रार नोंदवताना हे शब्द जसेच्या तसे लिहून घेतल्यास दुरुस्ती पथकाला कोणते सुटे भाग सोबत न्यावेत हे आधीच कळू शकते.

९. उपाययोजना

वरील विवेचनावरून काही व्यवहार्य उपाय सुचतात.

१) वॉशर बदलण्याची वेळ पंप बंद पडण्यावर सोपवू नये. पातळी खोल जाण्यापूर्वी, म्हणजे माघ-फाल्गुनात, ते तपासून बदलणे हिताचे. पावसाळ्यातील समाधानकारक विसर्ग हा पंप निर्दोष असल्याचा पुरावा मानू नये.

२) प्रत्येक हापशाची विसर्ग चाचणी व स्तंभ चाचणी वर्षातून किमान तीनदा, दिवाळीनंतर, होळीच्या सुमारास आणि मे महिन्यात घ्यावी. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक किंवा माध्यमिक शाळेचे विद्यार्थी ती सहज घेऊ शकतात. आकारमान, टक्केवारी व दाब हे पाठ्यपुस्तकातील घटक यानिमित्ताने गावातच शिकता येतील.

३) नोंदवहीत ‘चालू’ व ‘बंद’ यांखेरीज ‘४० स्ट्रोकला लीटर’ असा एक स्तंभ असावा. निम्म्याहून कमी पाणी देणारा पंप दुरुस्तीच्या यादीत आपोआप आला पाहिजे.

४) चाचणी केवळ सशक्त माणसाच्या गतीने न घेता सावकाश गतीनेही घ्यावी, कारण पंप ज्यांच्यासाठी आहे त्यांच्यात मुली व वृद्धाही आहेत.

५) नवा पंप बसवताना किंवा जुना बदलताना दुर्गम पाड्यांसाठी मार्क ३ पद्धतीचा विचार व्हावा. जेथे पथकाचे वाहन पोहोचण्यास विलंब लागतो तेथे नळ न काढता वॉशर बदलता येणे हा मोठा लाभ आहे. मात्र त्याचा रुंद नळ वजनाने अधिक असतो, हेही ध्यानात घ्यावे.

६) लहान वस्त्यांसाठी राज्यात सौर ऊर्जेवरील दुहेरी पंप योजना राबवल्या गेल्या आहेत. त्यांत एकाच विंधण विहिरीवर पाणबुडी पंप व हातपंप दोन्ही असतात. सौर पंप सुरू असल्याने हातपंपाकडे दुर्लक्ष होण्याचा संभव असतो. अडचणीच्या दिवशी तोच उपयोगी पडावयाचा असल्याने त्याचीही चाचणी चुकवू नये.

१०. समारोप

तेलविहिरीतील गळतीवर सूत्रे बांधली गेली, प्रयोगशाळा उभ्या राहिल्या, कारण तेथील तूट पैशात मोजली जाते. हापशातील गळतीचे भौतिकशास्त्र तेच आहे. फरक एवढाच की तिची तूट कोणाच्याही हिशेबात लिहिली जात नाही. ती हापशावरच्या अधिकच्या पाचशे स्ट्रोकमध्ये, पहाटेच्या रांगेत आणि मुलीच्या बुडालेल्या शाळेत विखुरलेली असते.

शहापूर व मुरबाड तालुक्यांचा पाणीप्रश्न केवळ वॉशर बदलून सुटणार नाही. डोंगरउतारावरील पाणी अडवणे व जिरवणे, धरणाच्या जलाशयालगतच्या गावांना त्या पाण्यात न्याय्य वाटा मिळणे आणि नळयोजनांचे उद्भव बळकट करणे हे मोठे प्रश्न स्वतंत्र आहेत. परंतु ते सुटेपर्यंत विंधण विहिरीत जे पाणी आहे ते तरी पूर्णपणे वर यावे, ही अपेक्षा रास्त आहे आणि तीस लागणारा खर्च अल्प आहे. एक बादली, एक घड्याळ आणि वेळेवर बदललेली दोन वॉशर यांनी एखाद्या पाड्यावरील हंड्यांची रांग निम्म्यावर येऊ शकते. त्यासाठी ‘चालू’ या शब्दावर समाधान न मानता, पंप किती चालू आहे हे विचारण्याची सवय ग्रामपंचायतीने व ग्रामस्थांनी लावून घेणे आवश्यक आहे.